तांबडी पट्टी आणि पाच जणींची मोट

मी बोलतेय. नवसाची लेकरं तुम्ही पाहिली असतील. मी नवसाची मोट आहे.

बतूलनं एकदा टेकडीवरच्या एका वलीच्या, म्हणजे संताच्या, मजारीपाशी मेणबत्ती लावली आणि अल्लाहपुढे हात पसरले. म्हणाली, "माझ्या बहिणीच्या गावात आमचं पान एका दमात उघडू दे. उघडलं तर तीन सोमवार रोजे धरीन, एका शुक्रवारी दारात येईल त्याला कुसकुस वाढीन. आणि आजच कबूल करते, यापुढे माझ्या हातून जे काही बाहेर जाईल ते आधी घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय जाणार नाही."

रोजे आणि कुसकुस सगळ्यांच्याच नवसात असतात. तिसरी गोष्ट बतूलची स्वतःची होती. माझी कहाणी त्या तिसऱ्या गोष्टीची आहे.

आता मी कोण ते सांगते. तुम्ही फोनवर एखादं पान उघडता. त्यातला मजकूर वेगळा आणि त्याचा साज वेगळा. अक्षर केवढं, रंग कुठला, रकाना किती रुंद, काय उजवीकडे आणि काय डावीकडे, हे सगळं सांगणारी एक निराळी फाइल असते. तिला स्टाइलशीट म्हणतात. मी तशीच एक. एक म्हणजे काय, पाचांची मिळून एक.

अझिलाल शहराच्या वरच्या डोंगरात अकरा गावं आहेत. त्या गावांना एक दवाखान्याची गाडी जाते आणि गाडीत रकिया नावाची सुईण असते. ज्या गावाचा बाजार ज्या दिवशी, त्या दिवशी गाडी त्या बाजारात. कधी घाट बंद होतो, कधी गाडी बिघडते, म्हणून महिला मंडळानं एक पान काढलं. अकरा ओळी, अकरा गावं, पुढे तारीख. ते पान सांभाळायचं काम बतूलकडे आलं ते एवढ्यासाठीच की, मंडळाच्या बैठकीत दुसरं कुणी हात वर केला नाही. राजधानीतून, रबातहून, आलेल्या एका मुलीनं तिला चार महिने शिकवलं आणि लग्न करून ती निघून गेली. पुढचं बतूल आपलं आपण शिकली, एका हाताला पीठ लागलेलं असताना.

माझ्या आधी आम्ही पाच जणी सुट्या होतो. पहिली रबातच्या मुलीनं केलेली, फ्रेंच वळणाची, सगळं डावीकडून मांडणारी. दुसरी दिनदर्शिकेची, ती फुकट मिळाली होती आणि फुकट्या पाहुण्यासारखी न लागणारं सामान घेऊन आली होती. तिसरी अक्षरांची. चौथी कागदावर छापण्यापुरती, कारण ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी दुकानाच्या दारावर कागद चिकटवायचा असे. आणि पाचवी बतूलच्या हातची. छोटीशी, अरबी वळणाची, मुळापासून उजवीकडून लिहिलेली. गाडी येणार नसेल तर त्या ओळीवर 'रद्द' अशी तांबडी पट्टी यायची, ती या पाचवीमुळे. अकरा गावांतल्या बायकांना अक्षर येवो न येवो, तांबडी पट्टी कळत होती.

बतूलची धाकटी बहीण इत्तो त्यांतल्याच एका गावात, आयत वझरूत, दिलेली. तिथे फोनला रेंज मिळते ती फक्त विहिरीच्या वरच्या खडकावर. इत्तोचा नवरा मोहा खडकावर चढायचा, पान उघडायचा, आणि फोन आम्हाला एकेकीला बोलवायचा. पाच जणी, पाच फेऱ्या. तिसऱ्या फेरीला वारा फिरायचा आणि रेंज जायची. मग पान अर्धवट नेसलेल्या बाईसारखं उभं राहायचं. तारखा एकीकडे, गावं दुसरीकडे, पट्टीचा पत्ता नाही.

अशाच एका अर्धवट पानावरून इत्तोचा सुईणीचा दिवस चुकला. त्या हिवाळ्यात तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. पान नीट उघडलं असतं तर बाळ वाचलं असतं, असं कुणी म्हटलं नाही. इत्तो तर नाहीच. पण बतूलच्या मनातून ते हललं नाही. त्याच आठवड्यात ती टेकडी चढली.

मग तिनं मला बांधायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या बुटक्या गोल मेजावर लॅपटॉप, शेजारी चहाची किटली, समोर सासू हद्दा मसूर निवडत बसलेली.

"पाचही एकीत घालायच्या म्हणतेस," हद्दा म्हणाली, "मग एका खोलीत पाच जावा भांडणार नाहीत?"

"भांडतात ना, लल्ला," बतूल म्हणाली; सासूला ती आदरानं लल्ला म्हणायची. "एकच गोष्ट दोघी वेगवेगळी सांगतात. मग जी शेवटी बोलते तिचं खरं धरतात."

"म्हणजे या घरातल्यासारखंच."

"या घरात शेवटी कोण बोलतं?"

"मी," हद्दा म्हणाली आणि मसुरातला खडा उचलून तिनं बाहेर टाकला. "म्हणून शहाणी असशील तर तुझी स्वतःची शेवटी ठेव."

तिनं तसंच केलं. आणखी एक गोष्ट सांभाळायची होती. पहिल्या चार जणी डावीकडून चालणाऱ्या. अरबी पानासाठी त्यांना उलटावं लागतं, म्हणजे जिथे 'डावीकडे' लिहिलंय तिथे 'उजवीकडे' करावं लागतं. ते काम करणारं एक अवजार असतं. चौघींना त्यातून काढायचं. पाचवी मात्र मुळातच उजवीकडून चालणारी. तिला उलटायचं नाही, चौघी उलटून झाल्या की नुसतं मागून जोडायचं. बतूलनं जोडलं. दिनदर्शिकेचं नको ते सामान काढून टाकलं. ज्या ओळी दोघींकडे सारख्याच होत्या त्यांतली एक ठेवली. मोट आवळून बांधली. अशी मी झाले.

मग हद्दाचा फोन मागून घेतला. फोन कसला, काचेला कोपऱ्यात तडा, पाठीला रबराचं वेटोळं. त्यावर बतूलनं अकराच्या अकरा ओळी मोठ्यानं वाचल्या. त्यानंतरच मला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी खडकावरून मोहाचा फोन आला. "बतूलबाई, काय केलंत? मी बोट टेकवलं आणि पान उघडलंसुद्धा! मी तर बसायला गोणपाट घेऊन आलो होतो."

बतूलनं तीन सोमवार धरले, शुक्रवारी कुसकुस घातलं. आणि तिसरी गोष्ट ती वर्षभर पाळत राहिली. दर वेळी माझ्यात काही बदललं की हद्दा विचारायची, "आणू का म्हातारीला?" म्हणजे तो फोन.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. वाईट दिवसांत केलेला नवस ती जिवापाड जपतात. सगळं सुरळीत चाललं की तोच नवस त्यांना थोडा जास्तीचा वाटू लागतो.

फेब्रुवारीत बतूलच्या नणंदेच्या बाळाचं सातव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. रविवार. घरात तीस माणसं येणार, मेंढा कापायचा, तव्यावर मस्समनच्या, घडीच्या पोळ्यांच्या, थप्प्या लागायच्या. आणि त्याच सकाळी बतूलला वाटलं, म्हाताऱ्या बायका अक्षर बारीक दिसतं म्हणतात, ते आजच मोठं करून टाकावं. तिनं मला उसवलं, अक्षर वाढवलं आणि पुन्हा बांधायला घेतलं. घाई होती. तिच्या मनात आलं, चार उलटा, मग पाचवी जोडा, हे दोन-दोन खेपांचं काम कशाला? आधी पाचही बांधू आणि एकदाच सगळी मोट उलटू.

मला त्याच क्षणी कळलं. चौघी नीट उलटल्या. पण पाचवी, जी आधीच सरळ होती, तीही उलटली गेली. तांबडी पट्टी उजवीकडून उठून डावीकडे गेली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण आम्हाला तोंड नसतं. चुकीचं सांगितलं तरी आम्ही निमूटपणे तसंच करतो. हाच आमचा गुण आणि हाच आमचा दोष.

"आणू का म्हातारीला?" हद्दानं परसातून विचारलं.

तेवढ्यात दारात पाहुण्यांची हाळी झाली. "नंतर बघते, लल्ला," बतूल म्हणाली आणि मला पाठवून दिलं.

दुपारी रकियाचा फोन. "बतूल, घाटात बर्फ पडलंय. गाडी मंगळवारच्या बाजाराला पोचत नाही. पट्टी लाव बाई."

बतूलनं लॅपटॉप उघडून 'रद्द' लिहिलं. रुंद पडद्यावर पट्टी डाव्या टोकाला छान दिसत होती. एका पाहुणीनं तर वाहवाही केली, "इकडे आणलीस? बरी दिसते." बतूल हसली आणि हात धुऊन मेंढ्याच्या हंड्याकडे गेली.

फोनचा पडदा अरुंद. तिथे ओळीचं डावं टोक कडेबाहेर जातं. पट्टी तिथेच होती, पण पडद्याच्या पलीकडे. खडकावरून मोहानं पान उघडलं तेव्हा मंगळवारची ओळ स्वच्छ, कोरी होती. मी तिथे होते. मी त्याला ती कोरी ओळ दाखवली.

मंगळवारी इत्तो आठ महिन्यांचं पोट घेऊन खेचरावर बसली. तीन तास उतरून गावाचा बाजार. गाडी नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग इकडेही बर्फ सुरू झालं. चहावाल्या बाईच्या खोपटात तिच्या पोटात कळा आल्या. ती बाई रात्रभर तिची पाठ चोळत बसली. सकाळी कळा थांबल्या, पण पाय सुजले ते सुजलेच.

बुधवारी दुपारी गावात परतल्यावर मोहा खडकावर चढला.

"बतूलबाई, गाडी नव्हती."

"नव्हतीच. रद्द होती. पट्टी लावली होती ना मी!"

"कुठे लावली होती? तुमच्या भिंतीवर?"

बतूलनं फोन कानाला तसाच धरून हद्दाचा फोन उघडला. ओळ कोरी. तिनं बोटानं पान बाजूला सरकवलं तेव्हा कडेला पट्टीचं एक तांबडं टोक दिसलं.

"इत्तोला दे," ती म्हणाली.

इत्तो खालीच विहिरीपाशी बसली होती. मोहानं फोन तिच्यापाशी आणला तशी रेंज तुटक झाली, पण आवाज पोचत होता.

"चूक माझी आहे," बतूल म्हणाली. "घाई मी केली. म्हातारीवर बघायचं कबूल केलं होतं, ते बघितलं नाही."

इत्तो म्हणाली, "पाहुणे होते ना? जेवण छान झालं म्हणे."

"इत्तो..."

"मी रागावले नाही, ताई. मला फक्त आता ते पान बघायचं नाही. त्याच्यापेक्षा आकाशाकडे बघितलेलं बरं. ते खोटं तरी बोलत नाही."

बतूलनं डोळे पुसले नाहीत, तसंच विचारलं, "पाय किती सुजलेत? डोकं दुखतं?"

"दुखतं. डोळ्यांपुढे चमकतं."

हे रकियाला सांगितल्यावर ती एकदम कामाचं बोलली. "तिला मला बघायलाच हवं. शनिवारी घाट उघडेल, मी आयत वझरूच्या खालच्या पुलापर्यंत येते. तिला पुलापाशी आणायला सांग." बतूलनं पानावर शनिवार घातला आणि परत फोन लावून मोहालाही सांगितला.

मोहानं विचारलं, "पानावर आहे का हे?"

"आहे."

"मग मला तरी भरवसा नाही," तो म्हणाला, आणि रेंज गेली.

त्या संध्याकाळइतकं निवांत बसून मला आधी कधी कुणी उसवलं नव्हतं. बतूलनं हातपाय-तोंड धुऊन वुज़ू केलं, नमाज पढली आणि मेजाशी बसली. पाचवीला अलगद बाजूला काढलं. चौघी उलटल्या. पाचवी तशीच, हात न लावता, शेवटी जोडली. आणि वर माझ्या अंगावरच एक ओळ लिहून ठेवली, पुढे मला जो उघडेल त्याच्यासाठी: 'ही आधीच सरळ आहे. हिला उलटू नका.'

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. फोनांना एक खोड असते. एकदा घेतलेली फाइल ते काही दिवस आपल्या पोटात जपून ठेवतात, तोवर पुन्हा मागत नाहीत. डोंगरातल्या पन्नास-साठ फोनांच्या पोटात माझं चुकलेलं रूप बसलेलं होतं. म्हणून तिनं माझं नावच बदललं. नाव नवं दिसलं की फोनला वाटतं, ही कुणी दुसरी, आणि तो नव्यानं बोलावतो.

"मी आणू का..." हद्दा म्हणाली, आणि फोन आधीच तिच्या हातात होता.

अकरा ओळी दोघींनी मिळून वाचल्या. मग बतूलनं गावागावात फोन लावायला घेतले. जिथे लागला तिथे म्हणाली, "पान उघडा, आणि काय दिसतं ते मला वाचून दाखवा." एका गावच्या दुकानदारानं कंटाळून म्हटलं, "बाई, तुम्हीच लिहिलंय, तुम्हालाच काय वाचून दाखवू?" बतूल म्हणाली, "हम्मूभाऊ, मी लिहिलेलं नको. तुम्हाला दिसतंय ते हवंय." दहा गावांनी वाचलं. आयत वझरूचा फोन लागेना.

गुरुवारी दुपारी रकियाचा निरोप आला. घाट लवकर मोकळा झाला होता, पण शनिवारी पुन्हा मोठं बर्फ सांगितलं होतं. गाडी शुक्रवारीच निघणार, दहाला पुलावर असणार, बारापर्यंत थांबून परत फिरणार. बतूलनं शनिवारवर पट्टी लावली, त्याच ओळीत खाली शुक्रवार घातला, पान म्हातारीवर वाचलं. खडकावर फोन लावला. एकदा, दहादा, वीसदा. कुणी नाही.

"कोण बघणार आता," ती म्हणाली.

हद्दा म्हणाली, "तुझं काम काय होतं? खरं लिहून ठेवायचं. ते ठेवलंस. बघायला लावणारा वेगळा आहे. ऊठ, पीठ मळ."

बतूल उठली. मोडलेल्या शपथेचं प्रायश्चित्त म्हणून दहा जणांना जेवू घालायचं असतं. तिनं त्याच संध्याकाळी हरीऱ्याचं, मसुराच्या दाट कढणाचं, मोठं पातेलं चढवलं आणि भाकरी भाजल्या. दहा जण जेवून गेले. कशासाठी जेवण, कुणी विचारलं तर ती सांगायची, "कबूल केलेलं मोडलं होतं." लपवलं नाही.

शुक्रवारची सकाळ. मला कुठला फोन बोलावतो ते मला कळतं. साडेसात वाजता आयत वझरूच्या खडकावरून एका फोननं मला हाक मारली. नवं नाव घेऊन. मी एका फेरीत गेले, जशी गाठ मारली होती तशी, सगळीच्या सगळी.

फोन मोहाच्या हातात नव्हता. खडक मोहा चढला नव्हता. सुजलेल्या पायांनी, दर चार पावलांना थांबत, इत्तो चढली होती. का चढली ते मी कसं सांगू? तिनं बघणार नाही म्हटलं होतं. पण ताईनं चूक कबूल करताना कसलीच सबब सांगितली नव्हती, ते तिच्या कानात राहिलं असावं.

तिनं पान बघितलं आणि मग वाचायला लागली. मोठ्यानं. एक ओळ, दुसरी ओळ. आपल्या गावाच्या ओळीवर आली. शनिवार, आणि त्यावर उजव्या कडेला, जिथे असायला हवी तिथेच, तांबडी पट्टी. खाली शुक्रवार. पूल. दहा वाजता.

"मोहा," ती खाली ओरडली, "खेचर काढ! आज!"

"परवा तर शनिवार म्हणत होती तुझी बहीण!"

"आज म्हणते. पट्टी दिसते मला. काढ म्हणते ना!"

रकियानं पुलावर तिचा रक्तदाब मोजला, यंत्र बाजूला ठेवलं, पुन्हा मोजला. आकडा चढलेलाच होता. तिनं इत्तोला गाडीत घेतलं, खेचर पुलाला बांधून मोहालाही, आणि गाडी थेट अझिलालच्या रुग्णालयाकडे वळवली. शनिवारी पहाटे घाट बर्फानं बंद झाला. शनिवारी सकाळी इत्तोला मुलगी झाली. लहान, पण आवाज खणखणीत.

बतूल रुग्णालयात गेली तेव्हा इत्तो म्हणाली, "अकराही ओळी वाचल्या मी. सगळ्या बरोबर होत्या."

"अकरा कशाला वाचल्यास? तुझी एक वाचायची."

"तूच म्हणतेस ना, पहिलीपासून शेवटपर्यंत."

मुलीचं नाव सुईणीच्या नावावरून रकिया ठेवलं. सातव्या दिवशी मेंढा कापला, पाहुणे आले. आणि मस्समन तव्यावर असतानाच बतूल पाच मिनिटं आत जाऊन म्हातारीवर पान वाचून आली. कुणीतरी हसलं. तिनं हसू दिलं.

आज माझं नाव पुन्हा बदललंय, चौथ्यांदा. माझी जुनी रूपं पुसून टाकलीत. उद्या कुणी मला यापेक्षा हलकी, यापेक्षा नेटकी बांधेल, आणि मीही पुसली जाईन. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या माथ्यावरची ती ओळ मात्र दर वेळी नव्या मोटेवर जशीच्या तशी उतरवली जाते. ही आधीच सरळ आहे. हिला उलटू नका.

ऐकणाऱ्या बाई, ऐकणाऱ्या बुवा, तुम्हीही काही ना काही बांधून लोकांकडे पाठवत असाल. पान असेल, पत्र असेल, औषधाची चिठ्ठी असेल, शाळेची सूचना असेल. तुमच्या मोठ्या पडद्यावर ते सुंदरच दिसणार. माझं एक ऐका. ज्याचा फोन सगळ्यात जुना, ज्याचं घर सगळ्यात लांब, त्याच्या डोळ्यांनी ते एकदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, मगच पाठवा. मेणबत्ती लावायची तर लावा, रोजा धरायचा तर धरा, पण बतूलनं केला तेवढा एक नवस तुम्हीही करा. दारात पाहुणे उभे असतील त्या दिवशी तर नक्कीच.